नासचं टोकन, तबकडी की नुसतं ऐकणं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हिप-हॉपचा नाद असलेला एक पोरगा आहे. कापसाचे चुकारे झाले आणि बापाने त्याच्या हातावर दहा हजार ठेवले. त्याला न्यूयॉर्कच्या नास या रॅपरचं काहीतरी स्वतःचं म्हणून हवंय. संगीताचं एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेन या सामायिक संगणकी नोंदवहीत आपल्या नावावर चढणारं डिजिटल टोकन घ्यावं की तबकडी? आणि घ्यायचं तर ऐन उमेदीतलं की अलीकडचं? असे आणखीही असतील, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

आधी नासचं शिखर कोणतं ते बघू. एका बाजूला 19 एप्रिल 1994 चा 'इल्मॅटिक' हा अल्बम. नास तेव्हा वीस वर्षांचा. जेमतेम चाळीस मिनिटांत न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या सरकारी चाळी, जिने, तुरुंगातल्या मित्राला पत्र, सगळं येतं. डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप असे एकाहून एक निर्माते, आणि एका गाण्याच्या शेवटी वडील ओलू दारा यांचा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य. दुसऱ्या बाजूला 2020 ते 2023 चे सहा अल्बम, 'किंग्ज डिसीज'चे तीन आणि 'मॅजिक'चे तीन, सगळे हिट-बॉय या एकाच निर्मात्याबरोबर. शेवटचा आला तो नासच्या पन्नासाव्या वाढदिवशी.

पुरस्कार बघून ठरवता येईल का? मार्च 2021 मध्ये नासला 'किंग्ज डिसीज'साठी आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी मिळालं, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'इल्मॅटिक' जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला. विक्रीवरूनही ठरत नाही. नासचाच 1996 चा 'इट वॉज रिटन' अमेरिकेतल्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला, तर 'इल्मॅटिक'ला प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रतींचा शिक्का, मिळायला 2001 उजाडलं.

म्हणून कानांनीच ठरवावं लागतं. गुरुकुंजाकडच्या खंजिरी भजनांत म्हातारा गायक ऐकला असेल तर कळेल: गळा थकतो, पण कोणत्या शब्दावर थांबायचं ते आता त्याला नेमकं माहीत असतं. अलीकडचा नास मला तसा वाटतो. 2022 चा 'किंग्ज डिसीज 3' पाहुण्या रॅपरशिवाय, एकट्याच्या दमावर उभा आहे आणि कुठे ढेपाळत नाही. तरी एका ओळीत किती चित्रं मावतात, यमकात यमक कसं गुंततं, हे मोजायचं झालं तर माझं मत 'इल्मॅटिक'ला. तो आधी ऐकला म्हणून मोठा वाटतो का, ही शंका मनात ठेवून दोन्ही लागोपाठ ऐका. मी ऐकले, मत बदललं नाही.

आता टोकन. जानेवारी 2022 मध्ये नासने रॉयल या कंपनीमार्फत दोन गाण्यांच्या स्ट्रीमिंग मानधनातला आपला निम्मा वाटा टोकनांतून विकायला काढला. गाणी होती 'अल्ट्रा ब्लॅक' आणि 'रेअर', दोन्ही अलीकडच्या काळातली. 'इल्मॅटिक'मधलं एकही नाही. कारण उघड आहे. 'इल्मॅटिक' कोलंबिया कंपनीने काढलेला, तर ही दोन गाणी ज्या 'मास अपील'ची, त्यात नासची स्वतःची भागीदारी आहे. कलावंताच्या हातात जे असतं तेच टोकन होऊन बाजारात येतं. त्यामुळे टोकन आलं म्हणून ते गाणं शिखरावरचं, असं समजू नका.

मालकीचा गुंता किती मोठा होऊ शकतो, ते जेझी या दुसऱ्या रॅपरच्या 'रिझनेबल डाउट' (1996) या अल्बमवरून कळतं. जून 2021 मध्ये त्याचा जुना भागीदार डेमन डॅश त्या अल्बममधला वाटा एनएफटी म्हणून विकायला निघालाय, असं म्हणत रॉक-ए-फेला कंपनी कोर्टात गेली. अल्बम कंपनीचा, डॅशची मालकी कंपनीतल्या तिसऱ्या हिश्श्यापुरती. 2022 मध्ये तडजोड झाली. ज्यांनी ही कंपनी उभी केली त्यांच्यातच हे झालं. आर्णीत बसून मोबाइलवर टोकन घेणाऱ्याने तर अटींचा कागद ओळ न् ओळ वाचलाच पाहिजे.

नुसतं चित्र किंवा ध्वनिफीत असलेलं टोकन आणखी कच्चं. ब्लॉकचेनवर नोंद तुमच्या नावची राहते, फाइल मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच सर्व्हरवर असते. तो बंद पडला की नोंद उरते, गाणं जातं. कॉपीराइटही आपोआप मिळत नाही.

कराचं कास्तकाराच्या घराने नीट समजून घ्यावं. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, पण टोकन विकून झालेल्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून सरसकट 30 टक्के कर आहे, स्लॅब कोणताही असो. एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. शिवाय ठरावीक रकमेच्या वर व्यवहार गेला की 1 टक्का टीडीएस.

तबकडीला हा ताप नाही. ती घरात राहते, नेट गेलं तरी वाजते. अडचण यंत्राची. बरं टर्नटेबल घ्यायला गेलं तर दहा हजारांतले बरेचसे तिथेच जातात, आणि दुरुस्तीला नागपूर गाठावं लागतं.

त्या पोराला मी सांगितलं ते असं: टोकन नको. चांगला वायरचा हेडफोन घे, वर्षभराचं स्ट्रीमिंग भर, आणि 'इल्मॅटिक'ची सीडी माग. ती जुन्या लॅपटॉपवर वाजते. तरीही टोकन घ्यायचंच असेल तर मानधनाच्या वाट्याचंच घे, तेही परत आले नाहीत तरी चालतील एवढ्याच पैशांचं. आणि घेण्याआधी तीन गोष्टी विचार: मूळ ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचं, वाटा किती वर्षांचा, आणि कंपनी बुडाली तर पैसे कोण देणार.