‘पाळणा लावून ठेवतो, ताई’ : १९,७०० रुपयांची फसवणूक

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन नांदेडहून मुंबईला गेलो, ते माझ्या शहाऐंशी वर्षांच्या आजीला पणती दाखवण्यासाठी. या प्रवासात आमचे १९,७०० रुपये गेले. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी शिक्षिका आहे, माझे पती पतसंस्थेत हिशेब पाहतात आणि ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे घरातल्या मोठ्यांना आम्हीच बजावत असतो. आमच्याकडे कोणी ओटीपी मागितला नाही, कोणती लिंक उघडायला लावली नाही. आम्हीच पिन टाकून चार वेळा पैसे पाठवले.

आजी गिरगावात माझ्या दादाकडे राहते. दहा बाय बाराची चाळीतली खोली, तीत दादा-वहिनी, त्यांची दोन मुले आणि आजी. शौचालय गॅलरीच्या टोकाला. आमची लेक रात्री तीनदा उठून रडते, तिला कोमट पाणी लागते, नाचणीचे सत्त्व शिजवावे लागते. त्या घरात आणखी तिघांनी चार दिवस पसरणे मला बरे वाटेना, म्हणून जवळच तीन रात्रींसाठी गॅस आणि गरम पाणी असलेली जागा इंटरनेटवर शोधली. दादाला मात्र हे कळवले नाही. ‘घर लहान पडले का आमचे?’ असे त्याला वाटू नये, पोहोचल्यावर समजावून सांगू, असा माझा विचार होता. ती इमारत दादाच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर होती. एक फोन केला असता, तर दूध आणायला जाता जाता त्याने पाहून सांगितले असते. नातेवाइकांच्या गावात जागा घेत असाल, तर संकोच बाजूला ठेवून आधी त्यांनाच पाहून यायला सांगा.

फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. बाळ किती महिन्यांचे, दूध वरचे की अंगावरचे, लिफ्ट लागेल का, असे सगळे त्याने आपणहून विचारले आणि म्हणाला, “पाळणा लावून ठेवतो, ताई, काळजी करू नका.” व्हॉट्सॲपवर त्याने पाळण्याचा फोटो पाठवला, आधार कार्डाची प्रत आणि शिक्का मारलेली पावतीही पाठवली. कोणाचेही आधार कार्ड कोणीही पाठवू शकतो, हे आता कळते. भाडे दिवसाला २,४०० रुपये, तीन रात्रींचे ७,२००. निम्मे म्हणजे ३,६०० आगाऊ भरले. निघण्याच्या दोन दिवस आधी त्याने ५,००० रुपये अनामत मागितली, खोली सोडताना परत मिळेल असे सांगून. तीही भरली.

खरी चूक निघण्याच्या आदल्या रात्री झाली आणि तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. त्याचा फोन आला की, दोन रकमा वेगवेगळ्या आल्याने आमचे बुकिंग पक्के होत नाही; ८,६०० रुपये एकदम भरा, आधीचे ८,६०० पंधरा मिनिटांत आपोआप परत येतील. बाळ कडेवर रडत होते, शेगडीवर सत्त्व लागत होते, बॅग अर्धवट भरलेली होती, आणि मी एका हाताने रक्कम टाकली. पिन टाकण्यापूर्वी यूपीआयच्या पडद्यावर समोरच्याचे नाव येते. ते नाव एका बाईचे होते. आधीच्या दोन्ही वेळी वेगवेगळ्या पुरुषांची नावे आली होती. मी ते वाचले, थांबले आणि त्याला विचारलेही. “मॅडमचे खाते आहे, ताई,” एवढेच तो म्हणाला आणि मी पिन टाकला. ज्याला आपले पैसे परत द्यायचे आहेत, तो त्यासाठी आधी आणखी पैसे का मागेल, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. दिवसभर शाळा आणि रात्रभर जागरण केलेल्या बाईला तो सुचला नाही म्हणून तिला मूर्ख ठरवण्याआधी वाचकांनी तो प्रसंग डोळ्यांसमोर आणावा.

देवगिरी एक्सप्रेसने सकाळी आम्ही मुंबईत उतरलो आणि टॅक्सीने त्या पत्त्यावर गेलो. इमारत होती, पण ती पूर्ण कार्यालयांची होती. रखवालदाराने फोटो पाहिला आणि आम्हाला नीट बसायला खुर्ची दिली. याआधीही लोक बॅगा घेऊन येऊन गेल्याचे त्याने सांगितले. तरीही मी त्या माणसाला फोन लावला, आणि त्याने उचलला. जागा मागच्या गल्लीत आहे, माणूस किल्ली घेऊन निघाला आहे, फक्त भाडेकरूंच्या पोलीस नोंदणीचे २,५०० रुपये आत्ताच पाठवा, असे तो म्हणाला. थर्मासमधले पाणी संपले होते, लेकीचा लंगोट बदलायला आडोसा नव्हता, आणि मी रस्त्यावर उभी राहून तेही पाठवले. पतींनी हात धरला होता. त्यानंतर तो फोन कायमचा बंद झाला.

दादा दहा मिनिटांत धावत आला. एका शब्दानेही तो मला बोलला नाही, याचे मला जास्त वाईट वाटले. आजीने तिच्या नऊवारीची झोळी आधीच बांधून ठेवली होती.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच सकाळी तक्रार नोंदवली आणि क्रमांक मिळाला. पुढे जे झाले त्याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आहे. मुंबईतील एका पोलीस ठाण्यात आम्हाला सांगण्यात आले की पैसे नांदेडहून गेले, तिकडे तक्रार करा. नांदेडला परतल्यावर ऐकवण्यात आले की जागा मुंबईची, शेवटचे पैसे मुंबईतून दिलेत, तिकडेच जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते, आणि हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हे मी कागदावर लिहून नेले, तर “मॅडम, तुम्ही वकील आहात का?” असे विचारण्यात आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास निरीक्षक दर्जाचा अधिकारीच करू शकतो, आणि निरीक्षक साहेब कधी बंदोबस्तात, कधी बैठकीत. बाळाला घेऊन मी पाच वेळा त्या बाकावर बसले. ‘एवढ्याशा रकमेसाठी’ हे शब्द मी तिथे ऐकले. तो माझ्या घरचा दीड महिन्याचा किराणा होता.

बँकेने एका ओळीत हात झटकले : पिन तुम्ही स्वतः टाकला आहे. तक्रार तोंडी करू नका, लेखी द्या आणि पोच घ्या, कारण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्यापूर्वी बँकेला उत्तरासाठी ३० दिवस द्यावे लागतात आणि तारखेचा पुरावा तुमच्याकडेच हवा. व्हॉट्सॲपवरचे संभाषण रागाने पुसू नका. माझ्या पतींनी पहिल्या दोन व्यवहारांचे संदेश पुसले होते, ते व्यवहार क्रमांक बँकेकडून मिळवण्यात नऊ दिवस गेले.

चार रकमांपैकी केवळ शेवटचे २,५०० रुपये समोरच्या खात्यात गोठवले गेले, कारण ते पाठवल्यावर दोन तासांच्या आत १९३० वर कळवले होते. आधीचे १७,२०० तोपर्यंत काढून घेतलेले होते. आदल्या रात्री पडद्यावर परके नाव दिसताच तो नंबर फिरवला असता, तर काय झाले असते, हा विचार मी रोज करते. गोठवलेली रक्कम सोडवण्यासाठी तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता. तो अर्ज आम्ही फेब्रुवारीत केला आहे आणि पुढची तारीख अजून मिळालेली नाही.