गटिंग एक नंबर, अन् वर डबल्सची चर्चा
संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात छोटंसं दुकान आहे, रॅकेटचं गटिंग (जाळीची तार) तुटलं म्हणून गेलो तर काका तार ओढून चिमटा लावता लावता विचारायलेत, टेनिसमधली सगळ्यात भारी डबल्स जोडी कोणती? मी म्हणलं अमेरिकेचे बॉब अन् माइक ब्रायन भाऊ, 16 ग्रँड स्लॅम, 119 टायटल, 2012 चं ऑलिम्पिक गोल्ड, अन् एक डावखुरा एक उजवा. काका म्हणे वुडीज (ऑस्ट्रेलियाचे वुडब्रिज-वुडफोर्ड) पण तसेच की, 11 स्लॅम अन् 1996 चं गोल्ड! पण पेस-भूपती 1999 ला चारही स्लॅमच्या फायनलला गेले, फ्रेंच अन् विम्बल्डन जिंकले, हे सांगताना काकांचा हातच थांबला बघा. मला तरी ब्रायनच वाटतात. गटिंग दोन महिने झाले, अजून टाईट आहे. तासभर बसायच्या तयारीनंच जा.