टेबलाखालचा आठ इंची सबवूफर, तीन महिन्यांनंतर

कॉम्प्युटरला जोडलेले माझे दोन स्पीकर चार इंची, ॲम्प्लिफायर पोटात असलेले. बोलणं, सतार, व्हायोलिन सगळं छान वाजतं. पण तबला लावला की डग्ग्याचा घुमारा कानापर्यंत यायचा आणि तिथेच विरायचा. कागदावर या स्पीकरची खालची मर्यादा ५५ हर्ट्झ. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे तिचा मूळ सूर यांना झेपणारच नव्हता. म्हणून हा आठ इंची पॉवर्ड सबवूफर घेतला, म्हणजे फक्त जड, खालचे सूर वाजवणारा, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला डबा. ठेवणार आहे. पहिले दोन दिवस मात्र परत पाठवायचंच डोक्यात होतं, आणि त्यात त्याची चूक अर्धीच.

उरलेली अर्धी माझी. स्पीकरला 'सब आउट', म्हणजे सबवूफर जोडायचं सॉकेट, नाही. ज्यांच्या स्पीकरला आहे त्यांचं काम एका वायरीत होतं, त्यांनी हा जोडणीचा भाग सोडून पुढे वाचावं. मला कॉम्प्युटरच्या हिरव्या जॅकमधूनच दोन वाटा काढायच्या होत्या. स्प्लिटर लावला, एक फाटा स्पीकरला, दुसरा सबवूफरला. त्याच्या पाठीवर तीन सॉकेट आहेत: लेफ्ट, राइट आणि एलएफई (फक्त बेसच्या वेगळ्या सिग्नलसाठीचं). डबा एकच, मग दोन पिना कशाला, असा शहाणपणा करून मी डावा-उजवा एकत्र करून एकच पिन देणारी केबल एलएफईमध्ये खुपसली. बेस आला. पण गेममधली गाडी डावीकडून उजवीकडे जायची, ती आता नाकासमोरच घुटमळायला लागली! त्या केबलमध्ये डावी आणि उजवी तार एकमेकींना थेट जोडलेल्या असतात. मागे स्प्लिटर असल्यामुळे स्पीकरकडे जाणारे दोन्ही चॅनेलही एक झाले आणि स्टिरिओ संपला. शिवाय क्रॉसओव्हरचा नॉब (किती हर्ट्झच्या खालचे सूर सबवूफरने वाजवायचे ते ठरवणारा) मी अर्धा तास फिरवतोय आणि फरक शून्य, कारण या सबवूफरमध्ये एलएफईतून आलेला सिग्नल त्या नॉबकडे जातच नाही. पुस्तिकेत हे आहे, शेवटच्या पानावर एका ओळीत. साधी लाल-पांढरी केबल लेफ्ट-राइटमध्ये लावली आणि दोन्ही दुखणी गेली. डाव्या-उजव्याची बेरीज सबवूफर आतल्या आत करून घेतो.

कुणीतरी कॉम्प्युटरमागचा केशरी जॅक वापर म्हणून सांगेल. तो ५.१ च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा, मांडणीतल्या मधल्या स्पीकरसाठी आणि सबवूफरसाठी असतो. बेस वेगळा काढून तिकडे पाठवणारं सेटिंग चालू नसेल, तर साध्या स्टिरिओ गाण्यातलं तिथे काहीच येत नाही. सेटिंग 'स्टिरिओ'च राहू द्या.

दुसरी अडचण रात्री कळली. स्पीकरचा आवाज त्याच्या नॉबने कमी केला, ते गप्प झाले आणि टेबलाखाली सबवूफर आपला एकटाच घुमत राहिला. त्याला कोण सांगणार? तो नॉब स्पीकरपुरताच. आता स्पीकरचा नॉब एका जागी कायमचा ठेवलाय आणि आवाज कीबोर्डवरून कमी-जास्त करतो, मग दोघेही बरोबर चढतात-उतरतात.

सुरुवातीला बारीक 'हुंम्म' येत होती. सबवूफर आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या सॉकेटवर होते, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणले आणि थांबली. त्यासाठी अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

खरा वेळ गेला तो जागा शोधण्यात. आधी कोपऱ्यात, टेबलाखाली ठेवला होता. प्रत्येक गाण्यात एकच सूर ढोलासारखा वाजायचा आणि त्या सुराला ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी किणकिणायची. मग सबवूफर उचलून माझ्या खुर्चीवर ठेवला, एक बेसची धून सतत चालू ठेवली आणि मी भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरलो. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा, हा जुना उपाय. दिसायला हास्यास्पद आहे, दार लावून करा. माझी जागा टेबलाच्या डाव्या पायाशी, कोपऱ्यापासून हातभर दूर निघाली.

तरीही ५० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा राहिलाच होता. खोली साडेतीन मीटर लांब. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर, म्हणजे खोलीच्या बरोबर दुप्पट. अशा वेळी दोन्ही भिंतींशी तो सूर फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. माझी खुर्ची मधोमधच होती! दोन फूट मागे सरकवली आणि हरवलेला सूर परत आला. कुठलाही नॉब फिरवून हे झालं नसतं.

क्रॉसओव्हर मी आधी १२० वर ठेवला होता. बातम्या लावल्या तर निवेदक माझ्या पायाशी बसून बोलतोय असं वाटलं. पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारण १०० च्या आसपास असतो, त्यामुळे तो खालच्या डब्यातून यायला लागला. ८० च्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा ओळखता येत नाही. आता ६५-७० वर आहे आणि निवेदक पडद्यावर परतलाय.

सबवूफरची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारं फेजचं बटण असतं, ० किंवा १८० अंश. त्यासाठी लेकीला टेबलाखाली पाठवलं. मी ७० हर्ट्झचा सलग सूर लावून खुर्चीत.
"बाबा, आता?"
"परत कर."
"आता?"
"हं, हाच. राहू दे."
ज्या बाजूला आवाज भरीव येतो ती बाजू, एवढाच नियम. आमच्याकडे १८० निघालं.

सबवूफरबद्दल माझ्या तक्रारी दोन. हळू आवाजात गाणी चालू असली की 'ऑटो'वर तो झोपतो आणि मोठा सूर आला की ठप्प करून जागा होतो. मी 'ऑन'वरच ठेवलाय. दुसरी, त्यातून स्पीकरकडे परत जाणारी लाइन आउटची सोय नाही. हाय-पासवाली ती सोय असती, तर जड सूर काढून घेऊन उरलेलेच स्पीकरकडे गेले असते आणि त्या चार इंची वूफरची धाप कमी झाली असती. नवीन घेणाऱ्यांनी ती आधी बघावी. बाकी डबा दणकट आहे, मोठ्या आवाजातही जागचा हलत नाही.

क्रॉसओव्हरच्या नॉबवर मात्र ५० आणि १५० एवढंच छापलंय, मधे एकही खूण नाही. म्हणून लेकीच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके दिलेत, एक क्रॉसओव्हरला, एक व्हॉल्यूमला. केर काढताना धक्का लागला की ठिपके जुळवून घेतो.