नियोजन की भूमी व्यवस्थापन: पदव्युत्तर प्रवेश घेण्याआधी

स्पेशिअल प्लॅनिंग (शहर किंवा प्रदेशातील जागेचे नियोजन) आणि भूमी व्यवस्थापन या दोन्हींच्या माहितीपत्रकांत जीआयएस (संगणकावर नकाशे व त्यांची माहिती हाताळणारी प्रणाली), शाश्वत विकास, धोरण हे शब्द सारखेच असतात. काही विद्यापीठे तर दोन्ही नावे एकाच पदवीत जोडतात. फरक कळतो तो काम हातात घेतल्यावर. म्हणून दोन्हीकडे शिकवला जाणारा एकच सराव पाहू: जमिनी एकत्र करून त्यांचे पुनर्वाटप.

समजा, 10 हेक्टरमध्ये 40 वेडेवाकडे भूखंड आहेत आणि अनेकांपर्यंत रस्ताच पोचत नाही. नियोजनाचा विद्यार्थी लोकसंख्येचा अंदाज बांधतो, उतार आणि पाण्याचा निचरा तपासतो, रस्त्यांची रुंदी ठरवतो, शाळा व उद्यानाची जागा शोधतो. त्याचा निष्कर्ष असा की 30 टक्के क्षेत्र सार्वजनिक वापराला लागेल. भूमी व्यवस्थापनाचे काम या आकड्यापासून पुढे सुरू होते. 2,500 चौरस मीटरच्या मालकाला 1,750 परत मिळतील, हे सोपे. पण 400 च्या मालकाला 280 मिळतात आणि किमान भूखंड 300 चा असेल तर तो अडकतो. मग कमी पडणारे 20 चौरस मीटर पैसे घेऊन वाढवून द्यायचे, शेजाऱ्यासोबत संयुक्त भूखंड करायचा की रोख भरपाई द्यायची? शिवाय मूळ भूखंडावरचे तारण, वहिवाटीची वाट, भाडेकरूचा हक्क हे सगळे अंतिम भूखंडावर न्यावे लागते. खातेदार मयत असून वारसांची नोंद झालेली नसेल, तर वाटप तिथेच थांबते.

मालक राजी होतील का, हेही गणितातच दिसते. जमिनीचा दर 1.6 पट झाला तर 0.70 × 1.6 = 1.12, म्हणजे क्षेत्र घटूनही मूल्य 12 टक्के वाढले. 1.3 पटच झाला तर 0.91, म्हणजे सरळ तोटा. 30 टक्के कपातीत साधारण 1.43 पटीच्या खाली योजना मालकाच्या अंगावर येते. जर्मनीच्या बांधकाम संहितेत क्षेत्रानुसार वाटप करताना कपातीची कमाल मर्यादा प्रथमच विकसित होणाऱ्या भागात 30 टक्के आणि इतरत्र 10 टक्के आहे.

या सरावाचा कोणता भाग करताना वेळेचे भान राहणार नाही, हे स्वतःला विचारा. निवडीचा यापेक्षा चांगला निकष आम्हाला माहीत नाही.

नियोजनात स्टुडिओ, म्हणजे खऱ्या जागेवरचा प्रकल्प, हा कणा असतो: स्थळपाहणी, आधार नकाशा, जमीन वापराचे सर्वेक्षण, पर्यायी आराखडे, परीक्षकांसमोर मांडणी. काम गटात चालते आणि ते इतर विषयांचा वेळ खाते. नेहमीची चूक म्हणजे नकाशा रंगवण्यात आठवडे जातात आणि तीन पर्यायांतला हाच का, याचे उत्तर तयार नसते. वास्तुशास्त्राकडून आलेल्यांना मांडणी जमते, आकडेवारी जड जाते. भूगोल किंवा अर्थशास्त्रवाल्यांचे उलट.

भूमी व्यवस्थापनात कायदा, मूल्यांकन, मोजणी आणि नोंदींची रचना यांना वजन असते. आयएसओ 19152 हे भूमी नोंदींसाठी 2012 साली प्रथम आलेले आंतरराष्ट्रीय मानक इथे शिकावेच लागते: व्यक्ती, हक्क-निर्बंध-जबाबदाऱ्या आणि जागेचा तुकडा हे वेगवेगळे ठेवून जोडायचे कसे, हे त्यात आहे. विद्यार्थी चुकतात ते नकाशा आणि नोंद यांच्या मेळात. नोंदीत 2,500, मोजणीत 2,430, आणि फरक का आला हे न शोधता एक आकडा खोडला जातो. अक्षांश-रेखांशातील नकाशाचा थर योग्य प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याच्या पद्धतीत) न आणता सपाट धरून क्षेत्रफळ काढले की उत्तर चौरस अंशांत येते. ही चूक मात्र दोन्हीकडे होते.

बोलोन्या पद्धतीच्या (युरोपातील समान पदवी-रचनेच्या) दोन वर्षांच्या पदवीत बहुधा 120 श्रेयांक (क्रेडिट) असतात. एका श्रेयांकाला 25 ते 30 तास धरतात, म्हणजे 30 श्रेयांकांचा प्रबंध 750 ते 900 तासांचा. नियोजनाचे प्रबंध विषय अवाढव्य घेतल्याने फसतात. अख्खे शहर घेण्याऐवजी एक प्रभाग, एक प्रश्न घ्यावा. भूमी व्यवस्थापनाचे प्रबंध माहितीअभावी अडतात, कारण मालकीच्या नोंदी अनेक ठिकाणी गोपनीय असतात. विषय मंजूर करून घेण्याआधी माहिती देणाऱ्या कार्यालयाची लेखी परवानगी हातात हवी.

परवान्याचा प्रश्न प्रवेशाआधीच सोडवा. अनेक देशांत नियोजक म्हणून नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते. ब्रिटनमध्ये रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूट अभ्यासक्रमांना अशी मान्यता देते. भूमी व्यवस्थापनाच्या पदवीने मोजणीदाराचा परवाना आपोआप मिळत नाही. अनेक ठिकाणी त्यासाठी सर्वेक्षणातली पहिली पदवी, अनुभव आणि स्वतंत्र परीक्षा लागते. ज्या देशात काम करायचे आहे, तिथल्या नोंदणी संस्थेचे नियम वाचा. विद्यापीठाच्या जाहिरातीवर विसंबू नका.

जोडनावाच्या पदवीसाठी विषयवार श्रेयांक कागदावर मांडा: स्टुडिओ, कायदा, मूल्यांकन, जीआयएस, मोजणी. कायदा आणि मूल्यांकन मिळून 10 सुद्धा भरत नसतील, तर ती नियोजनाचीच पदवी समजा. उलट स्टुडिओ एकही नसेल, तर आराखडा करायला तिथे शिकता येणार नाही. मग मागच्या दोन-तीन वर्षांतील प्रबंधांची शीर्षके मागवा. शिक्षकांचा खरा कल कुठे आहे ते त्यांतून कळते.