स्प्रिंटर आणि एनव्ही: अमेरिकेच्या व्हॅन बाजारात शिरण्याच्या दोन वाटा

परदेशातून अमेरिकेत येणाऱ्या मालवाहू व्हॅनवर 1964 पासून 25 टक्के आयातशुल्क आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या कराला दिलेलं ते उत्तर, म्हणून त्याचं नाव ‘चिकन टॅक्स’.

मर्सिडीजने त्यावर काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. जर्मनीत आपली स्प्रिंटर व्हॅन पूर्ण बांधायची, मग इंजिन आणि गिअरबॉक्स काढून सगळं जहाजाने दक्षिण कॅरोलिनाला पाठवायचं आणि तिथे पुन्हा जोडायचं! सुट्या भागांना हे 25 टक्के शुल्क लागत नसे, म्हणून इतका खटाटोप करूनही तो शुल्कापेक्षा स्वस्त पडायचा. 2001 मध्ये गाडी आली ती फ्रेटलायनर या नावाने, कारण ट्रक बनवणारी ही अमेरिकी कंपनी त्यांनी 1981 मध्येच विकत घेतली होती. पुढे डॉज या अमेरिकी ब्रँडचंही नाव लागलं. गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर, 2018 मध्ये, दक्षिण कॅरोलिनातल्याच नॉर्थ चार्ल्सटनला संपूर्ण कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनने 20,000 स्प्रिंटर मागवल्या.

निसानने सरळ मिसिसिपीतल्या कँटनमध्ये आपली एनव्ही व्हॅन बांधली, त्यामुळे शुल्काचा प्रश्नच नव्हता. पिकअपसारखं लांब नाक असल्याने इंजिनाचं काम बाहेरून करता येई. मेकॅनिकच्या दृष्टीने हे मोठं सुख. पण व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) एकच आणि डिझेल इंजिन नाही. स्प्रिंटर मात्र वेगवेगळ्या लांबीत मिळायची. कुरिअरवाला आणि प्लंबर यांच्या गरजा एका मापात बसत नाहीत. 2021 मध्ये एनव्ही बंद झाली.

माझा कौल मर्सिडीजच्या वाटेला. आधी बाजार जोखला, भिंती नंतर उभ्या केल्या.