ईआर की एलपीआर? गंजाचा प्रोब निवडण्याआधी

गंज मोजणाऱ्या या दोन प्रोबपैकी (संवेदकांपैकी) कूलिंग टॉवरच्या पाण्याला एलपीआर (लिनिअर पोलरायझेशन रेझिस्टन्स), तेल किंवा ओला वायू वाहणाऱ्या लाइनला ईआर (इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स). खरेदीपुरतं एवढं पुरतं. पंचाईत होते ती रीडिंग वाचताना, कारण चुकतात दोन्ही, पण तऱ्हा वेगळी.

ईआरमध्ये धातूची बारीक तार किंवा पट्टी असते. ती झिजली की तिचा विद्युतरोध वाढतो, म्हणून पाणी, तेल, माती काहीही चालतं. मात्र आकडा मिळतो तो आजवरच्या एकूण झिजेचा. दर हवा तर आलेखाचा चढ काढायचा. समजा, प्रोबचं उपयुक्त आयुष्य 5 मिल (एक मिल म्हणजे 25.4 मायक्रॉन), मोजणी हजार भागांत आणि गंज वर्षाला 5 मिल. मग एक भाग सरकायलाच जवळपास 9 तास लागतात. सकाळ-संध्याकाळची दोन रीडिंग बघून इन्हिबिटरचा (गंज रोखणाऱ्या रसायनाचा) डोस बदलणाऱ्यांना लांबूनच नमस्कार! तापमान झपाट्याने बदललं तरी आलेखाला दातरे पडतात. हायड्रोजन सल्फाइड असेल तर आणखी गंमत: प्रोबवर बसलेला आयर्न सल्फाइडचा थर वीज वाहतो, रोध घटतो आणि धातू जाड झाल्यासारखा दिसतो. झिजलेलं लोखंड भरून येत नाही. आलेख खाली वळला की थराचा संशय घ्यावा.

एलपीआर इलेक्ट्रोडला साधारण 10 ते 20 मिलिव्होल्ट देऊन प्रवाह मोजतो आणि त्यावरून दर काढतो. गणिताचा पाया स्टर्न आणि गिअरी यांनी 1957 मध्ये घातला. उत्तर मिनिटांत. पाण्यात आम्ल जास्त पडलं तर त्याच पाळीत कळतं, ईआरला तोवर पत्ताही नसतो. पण पाणी वीजवाहक हवं. इलेक्ट्रोडवर तेल चढलं की रीडिंग शून्याकडे जातं आणि सगळे खूश होतात. मला भीती याच रीडिंगची वाटते. उलट, दोन इलेक्ट्रोडमध्ये वाहक गाळ अडकला तर आकडा आभाळाला भिडतो. क्लोरीन सोडल्यावरची उसळीही सगळी गंजाची नसते, थोडा प्रवाह क्लोरीनच ओढतं. नवे इलेक्ट्रोड पहिले काही दिवस जास्तच दाखवतात, ते दिवस तुलनेत धरू नका.

गंजाने धातूत पडलेल्या खड्ड्यांची खोली दोघांनाही सांगता येत नाही. त्यासाठी शेजारी साधं कूपन (आधी वजन करून ठेवलेली धातूची पट्टी) टांगा, 90 दिवसांनी काढा, धुऊन वजन करा आणि भिंगाखाली बघा.