घर पोरांच्या नावावर करायचंय: विल बरं का गिफ्ट डीड?

आमचे मामा ७३ वर्षांचे. नागपुरात मानेवाड्याकडं दोन मजल्यांचं घर आहे, सगळं स्वतःच्या कमाईचं. पोरगा म्हणे बाबा, गिफ्ट डीड करून टाका, नंतर झंझट नको. पोरगा वाईट नाही हो, पण मामींची झोप उडाली. म्हणून मी दोन्ही कागद समोरासमोर ठेवून समजून घेतले, आणि तेच इथं लिहून राहिलो, कारण सध्या ओळखीतल्या तीन घरांत हाच विषय चालू आहे.

सगळ्यात मोठा फरक आहे तो मालकी कधी जाते याचा. गिफ्ट डीड म्हणजे बक्षीसपत्र. त्याची रजिस्ट्री झाली आणि पोरानं ते स्वीकारलं की घर त्याच दिवसापासून त्याचं, तुम्ही त्याच घरात बसून चहा पीत असलात तरी. विल म्हणजे मृत्युपत्र तुम्ही गेल्यावरच लागू होतं, तोवर मालक तुम्हीच, घर विका, गहाण टाका, भाडं घ्या, मन बदललं तर नवीन विल लिहा, शेवटचं जे असेल तेच चालतं. गिफ्ट डीड मात्र मन बदललं म्हणून एकट्याला रद्द करता येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर विलला स्टॅम्प ड्युटी नाही, साध्या कागदावर चालतं, रजिस्ट्रीची सक्तीही नाही, केली तर फी १०० रुपये. गिफ्ट डीडची रजिस्ट्री सक्तीची. आपल्या महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना दिलं तर स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये, आणि हा आकडा ऐकूनच लोक तिकडं वळतात, पण त्याशिवाय घराच्या सरकारी किमतीवर शहराचा अधिभार लागू शकतो, तो आधीच विचारून घ्या. प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजवर असेल तर त्यांची परवानगी लागते का तेही आधीच बघा, नाहीतर रजिस्ट्रीच्या दिवशी रिकाम्या हातानं परत यावं लागतं.

दोन साक्षीदार दोन्हीला लागतात. विलचे साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान घ्या आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला घेऊ नका, कारण वाद झाला तर कोर्टात उभं राहून सही आमच्यासमोर झाली हे त्यांनाच सांगावं लागतं. त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेटही जोडा. विलचा कच्चा भाग हाच आहे, भांडण सुरू होतं तेव्हा लिहिणारा माणूस सांगायला नसतो, आणि रजिस्टर केलेल्या विललाही आव्हान देता येतं.

आता गिफ्ट डीडचा धोका. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २३ मध्ये सोय आहे की सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि पोरानं सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात करायचा. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये एका आईची गिफ्ट डीड याच कलमाखाली रद्द करून घर तिला परत दिलं. पण तिथं सांभाळ करायचं लेखी दिलेलं होतं! बहुतेक गिफ्ट डीडमध्ये लिहिलेलं असतं, "प्रेमापोटी देत आहे", बस. देणारच असाल तर आईवडील हयात असेपर्यंत त्याच घरात राहतील, जेवण-औषधपाणी मुलगा बघेल, हे शब्द कागदात टाकूनच सही करा. पोरगा म्हणाला "आमच्यावर भरोसा नाही का", तरी टाका.

माझं मत सरळ आहे. डोक्यावर एकच छप्पर असेल तर विल. दुसरा प्लॉट आहे, पेन्शन आहे, किंवा अपंग मुलाची सोय आपल्या डोळ्यांदेखत करून ठेवायची आहे, तर गिफ्ट डीड चांगली.

आणि काहीच केलं नाही तर? हिंदू वारसा कायदा १९५६ चा, तो बौद्ध, जैन, शीख घरांनाही लागतो (मुस्लिम कुटुंबात विल आणि हिबा म्हणजे बक्षीस, यांचे नियम वेगळे, ते वकिलाला विचारा). बाप विल न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, सगळ्यांना सारखा हिस्सा. नॉमिनी लावलाय म्हणून तो मालक होत नाही. वडिलोपार्जित घर असेल तर २००५ पासून मुलीचा हक्क जन्मापासूनचा, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ आधी वडील वारले असले तरी तो हक्क जात नाही. अशा घरात पूर्ण घर लिहून देता येत नाही, विलनं फक्त आपला हिस्सा देता येतो, आणि वाटणी न झालेला हिस्सा बाकीच्या हिस्सेदारांच्या संमतीशिवाय गिफ्ट करता येत नाही.

इथं बहिणींना कळकळीनं सांगतो, "ताई, नावं चढवायला सही लागते फक्त" असं म्हणून जो कागद पुढं येतो तो बरेचदा हक्कसोडपत्र असतो. रजिस्ट्री झाली की हिस्सा गेला. मनापासून सोडायचाय तर सोडा, पण घरी नेऊन वाचा, दोन दिवस घ्या. बाईमाणसाला सरकारी मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, सिव्हिल लाईन्सच्या न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा.

मामांनी विलच केलं. रजिस्ट्रीच्या वेळी मशीन त्यांचा अंगठा घेईना, जन्मभर हातमाग चालवून रेषा पुसल्या होत्या, ऑपरेटरनं ओल्या रुमालानं पुसून चौथ्यांदा दाबला तेव्हा कुठं उमटला. मामी बाजूला आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि टॅक्स पावतीची पिशवी छातीशी धरून उभ्या. विलमध्ये पहिलंच वाक्य आहे की मामी हयात असेपर्यंत खालचा मजला त्यांचाच, त्यानंतर घर मुलगा आणि मुलगी, दोघांना अर्धं अर्धं. मूळ कागद कपाटात आहे, एक कॉपी मुलीकडं.